शिवलेल्या फाइलमधले मार्क्स कार्ड

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आठवायची म्हटली तर आता मला जुन्या डायऱ्या उघडाव्या लागतात. या एका प्रकरणाला डायरी लागत नाही. खरे तर ते आठवू नये अशीच माझी इच्छा असते, पण इच्छेला कोण विचारतो?

नावे सांगणार नाही. यातली माणसे याच शहरात राहतात, आणि ज्यांचे ज्यांचे चुकले त्यांनी आपापली शिक्षा भोगली आहे. एक जण सोडून. तो कोण ते ओघात येईलच.

मी बेंगळुरूचा मराठी. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि राजाजीनगरात घर करून राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, अशीच आमची वाढ झाली. पोलीस खात्यात मी कन्नडिगांतलाच एक होतो. निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना माझी नेमणूक सर्जापूर रोडच्या बाजूच्या एका ठाण्यात झाली. तिथे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या: पार्किंग, पाळीव कुत्रा, मोलकरणीवर आळ आणि भाडेकरूची अनामत. खून-दरोडे पाहिलेल्या माणसाला तिथे जांभया यायच्या.

एके दिवशी सकाळी हजेरी आटोपून मी टपाल पाहत होतो. चाळिशीची एक बाई आत आली. टेबलावरची पाटी वाचून तिने थेट मराठीतच सुरुवात केली.

"सर, तुम्ही मराठी आहात ना? थँक गॉड. मी कम्प्लेंट करायला नाही आले. म्हणजे आलेय, पण त्या मुलीला त्रास नको."

"आधी बसा," मी म्हणालो. "तक्रार करायची आहे की नाही, ते चहा पिऊन ठरवू."

ती पुण्याची, आयटीतली. सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता, म्हणून एका एजन्सीकडून दिवसभरासाठी रुग्णसेविका ठेवली होती. मुलीकडे एका कम्युनिटी कॉलेजचे प्रमाणपत्र होते. त्यावर सरकारी योजनेचा शिक्का होता, प्रथम श्रेणी होती.

"ती रोज बीपी घ्यायची आणि वहीत लिहायची. एकशे वीस-ऐंशी. दहा दिवस, रोज एकशे वीस-ऐंशी! सर, माझंसुद्धा कधी सलग दोन दिवस तेवढं येत नाही. अकराव्या दिवशी आईंना ॲडमिट केलं, तेव्हा दोनशेच्या पुढे होतं. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर..." 

"मुलीला विचारलंत?"

"विचारलं. तर म्हणते, मला कफ बांधता येतो, पण आकडा कसा वाचायचा ते शिकवायच्या आधीच मी क्लास सोडला. मग सर्टिफिकेट कुठून आलं, सर?"

प्रश्न रास्त होता. मी तिची फिर्याद घेतली.

त्या रुग्णसेविकेचा जबाब आम्ही तिच्या खोलीवर जाऊन घेतला. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचे नाही असा कायदा आहे, आणि तो मी पाळत असे. बरोबर महिला उपनिरीक्षक होत्या. मुलगी विशीतली, कडेवर मूल. तिने सांगितले की तीन महिने ती वर्गाला गेली, मग मूल आजारी पडले आणि तिने कॉलेज सोडले. वर्षाने फोन आला, सर्टिफिकेट तयार आहे, घेऊन जा.

"तुला नवल नाही वाटलं?"

"कोरोनात सगळ्यांना पास केलं ना, सार. मला वाटलं, सरकारने परत तसंच केलं असेल." आणि मग हळूच म्हणाली, "आता परत द्यावं लागेल का?"

खोटे बोलणारा माणूस भरपूर स्पष्टीकरणे देतो, हे मी नोकरीभर पाहिले आहे. हिने एकही दिले नाही. तिला फक्त तो कागद जाईल याची भीती होती.

ते कॉलेज म्हणजे एका इमारतीचे वरचे दोन मजले. एक ट्रस्ट ते चालवायचा, खर्च सरकारी योजनेतून. दहावी-बारावीनंतर ज्यांचे शिक्षण सुटले त्यांना पुन्हा आणावे, हाताला काम लागेल असे शिकवावे आणि अर्ध्यावर न सोडता शेवटपर्यंत न्यावे, अशी ती योजना. दुपारी चार ते सात वर्ग भरत. अपार्टमेंटमध्ये धुणी-भांडी करणाऱ्या, कपड्यांच्या कारखान्यात पहिली पाळी करणाऱ्या मुली तिथून थेट येत. योजना वाईट नव्हती. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आमच्या खात्यात सरकारी योजना म्हटली की आधी हसायची पद्धत आहे.

मी साध्या कपड्यांत गेलो. प्रयोगशाळेबाहेर चपला काढायचा नियम होता. जिन्यात उभा राहून मी चपला मोजल्या. एकोणीस जोड. आत जाऊन हजेरीपट पाहिला, तर उपस्थित तीस.

प्राचार्यबाई पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडी, बोटांना खडू. दोन दिवस मी त्यांना त्यांच्याच कार्यालयात प्रश्न विचारले. एकच उत्तर मिळत राहिले, "रेकॉर्ड बरोबर आहे." घाम नाही, त्रागा नाही. तिसरा प्रश्न संपला की त्या आमच्या महिला उपनिरीक्षकांना कॉफी विचारत. मला नाही विचारली.

शेवटी मी उत्तरपत्रिका मागवल्या आणि शांतपणे ठाण्यातल्या टेबलावर पसरल्या. ज्या अकरा मुलींनी कॉलेज सोडले होते, त्यांच्याही उत्तरपत्रिका होत्या. अक्षर बदलायचा प्रयत्न केलेला दिसत होता. कुठे तिरके, कुठे जाड, कुठे लहान. पण प्रत्येक पत्रिकेत प्रश्नाच्या क्रमांकाभोवती पेनाने एक लहानसा चौकोन काढलेला. अक्षर बदलता येते, सवय बदलायची राहून जाते. मग खऱ्या एकोणीस मुलींच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या चाळल्या. तोच चौकोन एकाच वहीत सापडला.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षात डायलिसिस मशीन चालवायला शिकत होती. ठाण्यात पुढे सगळे तिला 'डायलिसिसची मुलगी' म्हणू लागले, म्हणून मीही तसेच म्हणतो. वय वीस. वडील नव्हते. आई जवळच्याच एका अपार्टमेंटमध्ये चार घरची कामे करायची. पत्र्याच्या खोलीत गेलो तेव्हा आई स्टुलावर माझ्यासाठी स्वच्छ फडका अंथरत होती.

चौकशीची माझी एक पद्धत होती. गुन्ह्याचे आधी बोलायचे नाही. मी विचारले, "ते मशीन नेमकं करतं काय?"

मुलगी खुलली. "रक्त बाहेर येतं, सार, धुऊन निघतं आणि परत आत जातं. चार तास. पेशंट झोपतात, पण आपण झोपायचं नाही. स्वल्प जरी प्रेशर पडलं तरी आपल्याला कळलं पाहिजे."

व्हाइटफील्डच्या एका रुग्णालयाने तिला शेवटच्या सत्रासाठी प्रशिक्षणार्थी म्हणून निवडले होते. एक तारखेला रुजू व्हायचे, मूळ कागदपत्रे दाखवायची, आणि सहा महिन्यांनी पक्की नोकरी. त्या घरात आजवर कुणाला नेमणुकीचे पत्र आले नव्हते. आईने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवले होते. तिने ते मला काढून दाखवले.

मग मी चौकोन काढलेली एक पत्रिका आणि तिची वही शेजारी शेजारी ठेवली.

मुलीने वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "मॅडमना काय होईल?"

"मॅडमचं मॅडम बघतील. तू खरं सांग. तुला मी साक्षीदार करीन. तुझ्या नोकरीला धक्का लागणार नाही. ही माझी जबाबदारी."

हे शब्द माझे आहेत. जबाबात ते नाहीत, पण मी ते बोललो होतो.

तिने सगळे सांगितले. तीस मुलींनी पहिल्या वर्षाचा, रुग्णसेविकेच्या प्रमाणपत्राचा, अभ्यासक्रम पूर्ण केला तरच पुढच्या वर्षीचा निधी येणार होता. एकोणीसच उरल्या होत्या. निधी थांबला असता तर वर्ग बंद, आणि ज्यांचे दुसरे वर्ष बाकी होते त्यांचेही शिक्षण अर्ध्यावर. प्राचार्यबाईंनी वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीला बोलावून अकरा पेपर लिहायला लावले. "मॅडम म्हणाल्या, हे त्या अकरा जणींसाठी नाही, तुम्हा एकोणीस जणींसाठी आहे."

दुसऱ्या दिवशी तो जबाब समोर ठेवताच प्राचार्यबाईंनी नाकारणे सोडले. म्हणाल्या, "साहेब, मुलींचा बसपास मंजूर होतो जानेवारीत. वर्ग सुरू होतात ऑगस्टमध्ये. मधल्या महिन्यांत त्या काय उडत येणार? मूल सांभाळायला कुणी नाही म्हणून जातात, पाळी बदलली म्हणून जातात. मी दरवर्षी लिहून कळवलं. फॉर्ममध्ये विचारतात किती टिकल्या. का गेल्या याला रकानाच नाही."

"आणि एक म्हातारी मरता मरता वाचली, त्याला रकाना आहे?" मी चढ्या आवाजात म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. "ते माझ्याच माथी आहे," एवढेच म्हणाल्या. त्यांचा मला राग आला होता आणि कीवही आली होती. आजही दोन्ही आहे.

आता जप्तीचे सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

त्या कार्यालयात प्रत्येक मुलीची एक फाइल होती. प्रवेशअर्ज, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे मूळ मार्क्स कार्ड म्हणजे गुणपत्रक, सगळे एकावर एक ठेवून दाभणाने भोके पाडलेली आणि पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली. तिथला कारकून सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन आलेला होता आणि त्याला कागद सुटा ठेवणे पाप वाटे. हस्ताक्षर तज्ज्ञांकडे पाठवायला मला मुलींच्या सह्या आणि अक्षर असलेले प्रवेशअर्ज हवे होते. पंचनामा चालू असताना माझा हेड कॉन्स्टेबल, ठाण्यात सगळे त्याला अण्णा म्हणायचे, दोरा चाचपत म्हणाला, "सार, अर्ज तेवढे काढून घेऊ. मार्क्स कार्डं परत देऊ, झेरॉक्स ठेवू. पोरींना लागतील."

मी म्हणालो, "जप्त फाइल उसवायची नाही."

हा माझा नियम होता. नोकरीच्या सुरुवातीला एका खटल्यात जप्त केलेल्या वहीचे एक पान सुटे निघाले. बचाव पक्षाच्या वकिलाने भर कोर्टात ते पान हवेत हलवून मला विचारले, "हे तुम्ही आत घातलंत की बाहेर काढलंत?" सगळे कोर्ट हसले आणि आरोपी सुटला. तेव्हापासून मी जप्त केलेल्या कागदाला हात लावू देत नसे. वरिष्ठ माझ्या या शिस्तीचे कौतुक करीत.

तीसच्या तीस फाइली जशाच्या तशा कापडात बांधल्या, लाखेची मोहोर केली आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे रवाना केल्या.

पंधरवड्याने डायलिसिसची मुलगी ठाण्यात आली. "सार, एक तारखेला मूळ मार्क्स कार्ड दाखवायचं आहे."

मी तिला कोर्टात अर्ज करायला सांगितले. तिने केला. कोर्टाने विचारले, मुद्देमाल कुठे आहे? प्रयोगशाळेत. मग अहवाल येऊ द्या. प्रयोगशाळेत विचारले, तर रांग मोठी होती. मुलगी रुग्णालयातून पंधरा दिवसांची मुदत मागून आली, मग आणखी पंधरा दिवसांची. मी बाहेर गेलेलो असलो तर बाकावर वाट पाहत बसायची. हातात तीच प्लास्टिकची पिशवी.

अण्णाने मला बाजूला घेतले. "सार, बसमध्ये मार्क्स कार्ड हरवलं अशी तक्रार घेऊ. तिची पोच जोडली की बोर्डाकडून दुसरी प्रत मिळते. कोण बघायला येतंय?"

"कागद माझ्या ताब्यात आहे आणि तो हरवला म्हणून मीच नोंद करू? खोट्या कागदांची केस चालवतोय मी, अण्णा."

"एक ओळ, सार."

"एक ओळ असो की अकरा पेपर."

मला वाटते, हे बोलताना मला स्वतःचा अभिमानही वाटला असावा. मुलगी बाकावरून ऐकत होती. आमच्या ठाण्यात भिंती होत्या, पण त्या छतापर्यंत जात नव्हत्या.

नोंद नाकारली तरी मदत करायची होतीच. मी रुग्णालयाच्या नावे स्वतः पत्र लिहिले. या मुलीचे मूळ गुणपत्रक तपासकामी आमच्या ताब्यात आहे, ती आरोपी नाही, साक्षीदार आहे, तिला मुदत द्यावी. प्रत्येक शब्द खरा. ठाण्यातून बाहेर जाणाऱ्या पत्राच्या माथ्यावर नियमाप्रमाणे गुन्हा क्रमांक असतो आणि खाली विषय असतो. विषय होता, 'परीक्षेतील तोतयेगिरी व बनावट प्रमाणपत्रे'. तीस-बत्तीस वर्षे मी अशी पत्रे लिहीत आलो होतो. ठाण्याबाहेरचा माणूस ती कशी वाचतो, याचा विचार मी एकदाही केला नव्हता.

चौथ्या दिवशी ती आली. रुग्णालयाने निवड रद्द केली होती. कारण लिहिले नव्हते, पण मनुष्यबळ विभागातल्या बाईने तिच्यासमोर माझे पत्र दोनदा वाचले होते आणि मग विचारले होते, "तू नेमकं काय लिहिलं होतंस?" मुलीने खरे सांगितले. खरे सांगितले की काही होत नाही, हे तिला मीच शिकवले होते.

"मी जाऊन भेटतो त्यांना," मी म्हणालो.

"नको, सार."

"दुसरीकडे अर्ज कर. अहवाल आला की..."

"सरी, सार," बरं अशा अर्थाने ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती ठाण्यात आली नाही. मी रुग्णालयात गेलो होतो. त्यांनी मला चहा दिला आणि जागा भरली आहे असे सांगितले.

दोषारोपपत्र मुदतीत गेले. निधी थांबला, वर्ग बंद पडले, बाकीच्या अठरा मुली पांगल्या. त्यांची मार्क्स कार्डेही त्याच गाठोड्यात होती. त्यांतल्या किती जणींना ती कुठे कुठे लागली असतील, हे मी तेव्हा विचारले नाही आणि आता विचारायला तोंड नाही. पुण्याच्या बाईच्या सासूबाई सावरल्या. उत्कृष्ट तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळाले. घरी बायकोने ते भिंतीवर लावायला काढले, तर मी ते कपाटात टाकले.

माझ्या निवृत्तीला दोन महिने असताना प्रयोगशाळेतून फाइली परत आल्या. तोवर प्राचार्यबाईंनी कोर्टात गुन्हा कबूल केला होता, त्यामुळे अहवाल कुणी उघडूनही पाहिला नाही. मूळ कागद परत करण्याचा आदेश मी मिळवला. अण्णाने ब्लेडने दोरा कापला आणि तिचे मार्क्स कार्ड अलगद सोडवले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. चार मिनिटे लागली.

रविवारी सकाळी मी ते घेऊन त्या पत्र्याच्या खोलीत गेलो. आईने दार उघडले, मला ओळखले आणि आत वळली. या वेळी स्टुलावर फडका अंथरला नाही. मुलगी कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवत होती. डोळ्यांखाली काळे झाले होते. माझ्याशी ती नीट वागली, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मी मार्क्स कार्ड तिच्या हातात दिले. कडेला दाभणाची तीन भोके होती, एका कोपऱ्यात लाखेचा डाग. तिने ते उलटून पाहिले.

"कुठे प्रयत्न केलास का परत?" मी विचारले.

"शेवटचं सत्र राहिलंय ना, सार. दुसऱ्या कॉलेजात विचारलं. ते म्हणाले, पहिल्यापासून करावं लागेल. सरकार एकदाच पैसे देतं. माझ्या नावावर एकदा दिलेले आहेत." थोडे थांबून म्हणाली, "त्यांच्याकडे मी अर्ध्यावर सोडलेली म्हणून लिहिलंय."

मला खूप काही बोलायचे होते. मी खिशातून पोचपावती काढली. छापील नमुना होता. 'अनुक्रमांक १. मूळ गुणपत्रक सुस्थितीत मिळाले.' तिने वाचले आणि पेन हातात धरून बसून राहिली.

मी म्हणालो, "'सुस्थितीत' शब्द खोडतो मी. डाग आहे त्याला."

"राहू दे, सार. कागद चांगलाच आहे. त्याला काय झालंय?"

तिने सही केली. सही करण्याआधी, नकळत, एकच्या आकड्याभोवती लहानसा चौकोन काढला.

निरोपाच्या समारंभात नव्या उपनिरीक्षकांनी मला विचारले होते, इतक्या वर्षांत काय शिकलात? मी त्यांना गुन्हेगार ओळखण्याबद्दल चार गोष्टी सांगितल्या, टाळ्या मिळाल्या. खरे उत्तर दिले नाही. खरे उत्तर असे, की मी गुन्हेगाराला शिक्षा होईल याची काळजी घेतली आणि साक्षीदाराचे काय होईल हे नियमावर सोपवले. प्राचार्यबाईंना फॉर्ममधल्या आकड्यापुढे आजारी म्हातारी दिसली नाही. मला माझ्या मोहोरेपुढे वीस वर्षांची मुलगी दिसली नाही. त्यांच्यावर खटला चालला, इतकाच काय तो फरक.

ती पोचपावती मी ठाण्यात जमा केली. मूळ प्रत फाइलला लावली आणि झेरॉक्स काढून स्वतःजवळ ठेवली. तेव्हाही एवढेच करायचे होते, एक झेरॉक्स.